फॅमिकॉम: काही महिने रोज खेळल्यानंतर

निन्टेंडोचा मूळ फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा, १५ जुलै १९८३ रोजी जपानात १४,८०० येनला विक्रीला आलेला लाल-पांढरा डबा, गेले काही महिने आमच्या हॉलमध्ये जवळपास रोज चालतोय. असं यंत्र आठवणींखातर घ्यावं, असं बरेच जण म्हणतात. मला तो खेळायचं यंत्र म्हणून आजही अव्वल वाटतो, आणि त्याचं बरंचसं श्रेय कॅसेटला, म्हणजे ज्यात खेळ असतो त्या खोक्याला जातं.

आधी जोडणी, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. मूळ अडॅप्टर जपानच्या १०० व्होल्टचा. आपल्या सॉकेटमध्ये तो थेट लावायचा नाही. यंत्राला लागतात १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर, आणि पिनच्या मधोमध निगेटिव्ह. आपल्या बाजारात बहुतेक अडॅप्टर मधे पॉझिटिव्ह मिळतात, तेव्हा मल्टीमीटर लावल्याशिवाय जोडू नका. चित्र अँटेनाच्या वायरीतून, तेही जपानी चॅनेल १ किंवा २ वर येतं. ते इथल्या टीव्हीवर पकडत बसण्यापेक्षा मी जाणकार कारागिराकडून आत एव्ही पिन (चित्र आणि आवाज थेट टीव्हीला देणारी) बसवून घेतली. टीव्ही एनटीएससी, म्हणजे जपानी पद्धतीचं चित्र दाखवणारा हवा, नाहीतर चित्र काळंपांढरं दिसतं.

शक्य असेल तर जुना पिक्चर ट्यूबचाच टीव्ही वापरा. सपाट टीव्ही हे चित्र आधी मोठं करतो, मग दाखवतो. तेवढ्या वेळात मारिओ खड्ड्यात गेलेला असतो. ट्यूबवर बटण दाबलं की उडी, मधे काही नाही. इतका चटकन प्रतिसाद घरातल्या कुठल्याच नव्या यंत्राकडून मला मिळालेला नाही.

रिमोट यंत्रालाच कायमचे जोडलेले आहेत आणि वायर आखूड, त्यामुळे टीव्हीच्या पुढ्यात मांडी घालून बसावं लागतं. पाठ दुखते. पण अधिक चिन्हाच्या आकाराचं दिशांचं बटण अप्रतिम आहे. निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी ते १९८२च्या हातातल्या ‘डाँकी काँग’ खेळासाठी आणलं, आणि फॅमिकॉम घडवणाऱ्या मासायुकी उएमुरा यांच्या चमूने ते इथे घेतलं. दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्ट नाहीत, त्याऐवजी चक्क माइक आहे! ‘झेल्डा’ या खेळाच्या जपानी आवृत्तीत त्यात ओरडलं की मोठ्या कानांचे राक्षस मरतात. मुलांनी हे शोधल्यापासून शेजाऱ्यांची मात्र कठीण अवस्था आहे.

आता कॅसेट. डब्यात आहे १.७९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि कामाची २ किलोबाइट मेमरी. एका आडव्या ओळीत आठच हलत्या आकृत्या मावतात. ‘काँट्रा’ या गोळीबाराच्या खेळात गर्दी झाली की गोळ्या लुकलुकतात त्या म्हणूनच. आकृत्यांचा क्रम दर वेळी फिरवून खेळ बनवणाऱ्यांनी त्या पार गायब होऊ दिल्या नाहीत. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटचा. त्यात ढग आणि झुडपं एकाच आकाराची, फक्त रंग बदललेला. मग त्याच डब्यात १९८८चा तिसरा मारिओ लावला की चित्र चारी दिशांना सरकतं आणि खालची गुणांची पट्टी जागच्या जागी राहते. हे काम कॅसेटमधली एमएमसी३ चिप करते: ती पडद्याच्या ओळी मोजते आणि नेमक्या ओळीला प्रोसेसरचं चालू काम मधेच थांबवून त्याला पट्टी वेगळी काढायला लावते. कोनामी या खेळ बनवणाऱ्या कंपनीने १९८९च्या ‘अकुमाजो देन्सेत्सु’ या खेळाच्या कॅसेटमध्ये व्हीआरसी६ चिप घालून आवाजाचे तीन जादा सूर दिले. फॅमिकॉमच्या अमेरिकी आवृत्तीत कॅसेटचा आवाज आत घेण्याची तशी सोय नव्हती, म्हणून या खेळाच्या तिकडच्या आवृत्तीचं संगीत पातळ झालं. हा एक खेळ ऐकण्यासाठी तरी मूळ जपानी यंत्र घ्यावं, असं मी मनापासून सांगेन. पुढे १९९३चा कर्बीचा खेळ ७६८ किलोबाइटपर्यंत पोचला. डबा तोच, दहा वर्षांपूर्वीचा.

अमेरिकेत १९८५ला गेलेल्या यंत्रात परकी कॅसेट अडवणारी कुलूपचिप होती, फॅमिकॉममध्ये नव्हती. त्यामुळे ६० पिनांच्या या यंत्राची नक्कल करणं सोपं गेलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे ‘टीव्ही व्हिडिओ गेम’ आले, ते बहुतेक याच नकला. माळ्यावरच्या पिवळ्या कॅसेट मी यात लावून पाहिल्या आणि बऱ्याचशा सुरू झाल्या. नकली यंत्रं आपल्या टीव्हीसाठी बहुधा सेकंदाला ५० चित्रं काढत, हा ६० काढतो. त्यामुळे ओळखीचे खेळ थोडे धावतात, हाताला सवय व्हायला वेळ लागतो.

कॅसेट फुंकू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. खेळ साठवणाऱ्या कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपत आली असेल तर डाग देऊन नवी बसवावी लागते, आणि जुनी काढताक्षणी साठवलेला खेळ जातो.

घ्यायचाच असेल तर पर्याय दोन. १९९३च्या अखेरीस आलेल्या नव्या घडणीच्या फॅमिकॉममध्ये एव्ही आयतं आहे, रिमोट सुटे निघतात. रोजच्या खेळाला तोच सोयीचा. पण त्याच्या दुसऱ्या रिमोटला माइक नाही. आमच्या घरी त्या एका कारणावरून जुनाच राहणार आहे.