बाससाठी फ्लाय रॉडचं सामान: बरेच महिने वापरल्यावर काय टिकलं, काय कपाटात गेलं

बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी फ्लाय फिशिंगचं (हूकवर केस-पिसं वगैरे बांधलेल्या नकली आमिषाने, म्हणजे फ्लायने, मासे पकडायचं) सामान घेऊन आता बरेच महिने झाले, मधल्या काळात काही तुटलं, काही बदललं, काही सरळ कपाटात गेलं, म्हणून आता लिहायला हरकत नाही. नवीन रॉड हातात आला की सगळ्यांनाच भारी वाटतो हो, खरी परीक्षा नंतर असते, लाइनवर (जाड दोरावर) शेवाळ चढल्यावर आणि पॉपरच्या (पाण्यावर तरंगत आवाज करणाऱ्या फ्लायच्या) तोंडावरचा रंग उडाल्यावर.

ज्यांना एवढं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, खरेदी उलट्या टोकाकडून करा. म्हणजे कसं, आपण सगळे आधी रॉड बघतो, मग त्याला शोभेल अशी रील, मग उरलेल्या पैशात लाइन, आणि फ्लाय तर शेवटी जे सुटे उरतात त्यात. बासच्या बाबतीत हे पार उलटं पाहिजे. आधी फ्लाय कुठल्या वापरणार ते ठरवा, त्या फ्लाय हवेतून नेईल अशी लाइन घ्या, ती लाइन पेलेल असा रॉड घ्या, आणि रील सगळ्यात शेवटी, जी मिळेल ती.

कारण साधं आहे. स्पिनिंगमध्ये, म्हणजे नेहमीच्या रॉड-रीलच्या मासेमारीत, लूरचं (जड नकली आमिषाचं) वजन दोराला ओढत नेतं, इथे लाइनचं वजन फ्लायला नेतं. ट्राउट माशाची बारीक फ्लाय असेल तर प्रश्नच नाही, ती लाइनच्या मागे गुपचूप जाते. पण बासचा डिअर हेअरचा (हरणाच्या केसांचा) पॉपर म्हणजे कापसाचा मोठा बोळा लांब फेकल्यासारखं, वजन काहीच नाही आणि हवा मात्र जागच्या जागी अडवते. त्याला पुढे जड आणि आखूड हेड (पुढचा जाड भाग) असलेली लाइन लागते, नाहीतर कास्ट (फेक) शेवटी ढेपाळतो आणि पॉपर लीडरच्या (लाइन आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक दोऱ्याच्या) गुंतवळ्यासकट आपल्यापासून चार हातांवर पडतो.

लाइनबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण पैसे इथेच घालायचे आहेत. लाइनचा नंबर पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून ठरतो, 6 नंबर म्हणजे 160 ग्रेन, 7 म्हणजे 185, 8 म्हणजे 210 आणि 9 म्हणजे 240. हे झालं स्टँडर्ड. पण बासच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लाइन्स मुद्दामच अर्धा ते एक नंबर जड बनवलेल्या असतात, त्यामुळे डब्यावर 8 लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, बारीक अक्षरात ग्रेन दिलेले असतात ते वाचा. दिलेले नसतील तर घरी छोट्या डिजिटल काट्यावर पुढचे 30 फूट गुंडाळून ठेवा (टोकाचा अगदी सरळ बारीक तुकडा धरायचा नाही), 210 ग्रेन म्हणजे साधारण 13.6 ग्रॅम आणि 240 म्हणजे 15.6. माझी 8 नंबरची लाइन काट्यावर 9 च्या जवळ निघाली. तक्रार नाही, उलट पॉपरला तेच पाहिजे होतं, फक्त हे माहिती असलं की रॉड निवडताना डोकं चालतं.

दुसरं म्हणजे लाइनचं कोटिंग. थंड पाण्यासाठी बनवलेली मऊ लाइन कडक उन्हात लिबलिबीत होते, गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) सरकायच्या ऐवजी चिकटते, आणि उष्ण हवेसाठीची कडक लाइन थंडीत रीलवरून स्प्रिंगसारखी वेटोळी घेऊनच उतरते. बासचा खरा हंगाम गरम पाण्याचा, त्यामुळे मी गरम हवेची लाइन घेतली आणि पहाटे गारठ्यात ती ताणून घ्यायचं काम अंगाला लावून घेतलं, दोन हातात धरून थोडी थोडी ओढायची, वेटोळी जातात. आणि हाताला सनस्क्रीन किंवा डासांचं औषध लावून लाइन धरू नका, कोटिंगची वाट लागते. साध्या सौम्य साबणाच्या पाण्यात धुवून फडक्याने पुसली की पुन्हा नव्यासारखी सुटते, हे केलं नाही तर शेवाळाचा थर बसून फ्लोटिंग लाइनचं टोक बुडायला लागतं आणि मग पॉपर पाण्यावरून उचलताना नुसता गुडुप आवाज येतो आणि आजूबाजूचे मासे पसार.

आता फ्लाय.

पॉपर तीन प्रकारचे वापरले. डिअर हेअरचा दिसायला राजा, पाण्यावर पडतोही हळू, आवाज थपकन न येता मऊ येतो, आणि उथळ शांत पाण्यात लार्जमाउथ (मोठ्या तोंडाच्या) बासला तोच जास्त पटतो असं माझं मत झालंय. केस आतून पोकळ असतात म्हणून तरंगतो, पण तासाभराने पाणी पितोच, मग जड होतो, कास्ट बिघडतो. घ्यायचा असेल तर अंगठा आणि बोटामध्ये दाबून बघा, घट्ट बांधलेला असेल तर बूच दाबल्यासारखा लागतो, बोट आत रुतलं की समजा केस विरळ आहेत, हा पहिल्या दोन माशांनंतर बसणार. ऑनलाइन घेताना दाबून बघता येत नाही ही अडचण आहेच, मी एका विक्रेत्याकडून (नाव घेत नाही) मागवलेले अर्धे अधिक पॉपर असे विरळ केसांचे निघाले, हूकवर गोल फिरत होते, आणि पैसे परत मागितले तर उत्तरच नाही.

फोमचे किंवा कडक बॉडीचे पॉपर दिसायला तेवढे देखणे नाहीत पण कामाला बैल. बुडत नाहीत, दात लागून खराब होत नाहीत (तसेही बासचे दात म्हणजे सँडपेपर), रंग तेवढा उडतो आणि रंग उडाल्याने माशाला काही फरक पडलेला दिसला नाही. नव्या माणसाने हेच घ्यावेत. एक गोष्ट मात्र नीट तपासायची, हूकचं टोक आणि बॉडीचं पोट यांच्यामधली जागा. स्वस्तातल्या पॉपरमध्ये बॉडी एवढी जाड आणि खाली उतरलेली असते की हूकला मासा लागायला जागाच उरत नाही, मासा येतो, तोंडात घेतो, आणि ओढलं की पॉपर सुळकन बाहेर. दर वेळी आपल्याला वाटतं आपलंच टायमिंग चुकलं. म्हणून रुंद गॅपचे स्टिंगर प्रकारचे हूक, गामाकात्सू कंपनीचा बी10एस वगैरे, ज्या फ्लायवर असतात त्यांना दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. टोक नखावर टेकवून हलकं ओढायचं, घसरलं तर बोथट, अडकलं तर ठीक.

तिसरा म्हणजे डायव्हर, लॅरी डालबर्गने काढलेला तो प्रकार, मागे केसांची कॉलर असते आणि लाइन ओढली की बुडी मारतो, थांबलं की वर येतो. पाणवनस्पतींच्या काठाकाठाने चालवायला याच्यासारखी फ्लाय नाही. पण टाकायला सगळ्यात जड जाते, वारा असेल तर मी काढतच नाही.

पाण्याखालच्या फ्लायमध्ये जास्त विचार करू नका, दोनच पुरे. एक क्लाउझर डीप मिनो, बॉब क्लाउझरने 1987 मध्ये अमेरिकेतल्या सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ (लहान तोंडाच्या) बाससाठी बांधला आणि नाव दिलं नावाजलेला फ्लाय फिशर लेफ्टी क्रे याने. शिशाचे, डंबेलच्या आकाराचे जड डोळे हूकच्या वरच्या अंगाला बांधलेले असल्यामुळे पाण्यात तो उलटा होतो, टोक वर राहतं, दगडात कमी अडकतो. विकत घेताना डोळे चिमटीत धरून फिरवून बघा. जरा जरी फिरले तर तो क्लाउझर काही दिवसांत तिरका पोहणार, बांधणाऱ्याने दोरा आडवा नीट फिरवलेला नाही किंवा गोंद वाचवलाय. आणि डोळे हूकच्या नाकाला अगदी चिकटून बांधलेले असले तर तो एकदम डोकं खाली घालून आपटतो, थोडे मागे असलेले बरे. हा टाकताना हवेतल्या लाइनचा लूप (वळसा) मोठा ठेवा, घट्ट लूप घातला की शिसं रॉडच्या टोकावर आदळतं, कार्बनला न दिसणारी खूण पडते आणि रॉड पुढे कधीतरी मासा असताना फटकन जातो, मग आपण रॉडच्या कंपनीला शिव्या घालतो. चष्मा घातल्याशिवाय क्लाउझर टाकू नये, एवढं बजावून सांगतो.

दुसरी वूली बगर. काळी किंवा ऑलिव्ह. ही लोक ट्राउटची समजतात पण रसेल ब्लेसिंगने 1967 मध्ये ती बांधली तीच मुळात हेलग्रामाइट नावाच्या पाण्यातल्या अळीची नक्कल म्हणून, स्मॉलमाउथसाठी. स्वस्त असते, कुणी बांधली तरी फार बिघडत नाही, ढिगाने घ्या आणि झाडाझुडपात हरवली तरी जीव जळत नाही. पाणी गार असेल, बास सुस्त असेल, तेव्हा हीच अगदी सावकाश ओढायची. मोठमोठ्या सांधेवाल्या, सापासारख्या वळवळणाऱ्या फ्लाय मी हौसेने घेतल्या, बाथटबमध्ये अप्रतिम पोहतात, पण भिजल्यावर 8 नंबरवर टाकून टाकून खांदा जातो. 10 नंबरचा रॉड असेल त्यांनी बघावं.

वीड गार्डबद्दल (हूक गवतात अडकू नये म्हणून त्याच्यापुढे बांधलेल्या आडोशाबद्दल) मतभेद आहेत. जाड मोनोचा (एकपदरी नायलॉनचा) लूप असलेला मला आवडतो, पण तो हूकच्या टोकाच्या किंचितच खाली आला पाहिजे आणि बोटाने दाबला की सहज दबला पाहिजे. काही रेडीमेड फ्लायवर एवढा ताठ असतो की गवतही अडकत नाही आणि मासाही नाही.

लीडरवर पैसे घालवू नका. ट्राउटचा 9 फुटी 4एक्स लीडर इथे कामाचा नाही, पॉपर पुढे नीट उलगडून पडतच नाही. मी साध्या नायलॉनचे तीन तुकडे जोडतो, 30 पौंड, 20 पौंड, 12 पौंड ताकदीचे, निम्मी लांबी जाड तुकड्याची, सगळा मिळून साडेसात फुटांच्या आसपास. रेडीमेडच हवा असेल तर 0एक्स बघा. हिशोब सोपा आहे, 11 मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी मिळते इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे 0एक्स 0.011 इंच, 2एक्स 0.009. फ्लोरोकार्बन पॉपरला लावू नका, नायलॉनची घनता 1.14 आणि फ्लोरोची 1.78 च्या आसपास, तो बुडतो आणि पॉपरचं नाक खाली ओढतो. क्लाउझरला लावा, तिथे बुडलेलं बरंच. गाठ दोन्हीकडे न आवळणाऱ्या लूपची, फ्लाय मोकळी हलते.

रॉड 9 फुटी, 8 नंबर, चार तुकड्यांचा, मध्यम किमतीतला घेतला आणि अजून महागडा घ्यावासा वाटलेला नाही. फार ताठ, फास्ट रॉड घेऊ नका असं म्हणेन, बासचे कास्ट बहुतेक 10 ते 15 मीटरचे, तेवढ्या थोड्या लाइनवर ताठ रॉड वाकतच नाही. मुठीच्या कॉर्कवर जिथे अंगठा बसतो तिथलं भरण निघायला लागलंय, बाकी गाइड, जोड सगळं ठणठणीत. नुसत्या नदीतल्या स्मॉलमाउथसाठी आणि छोट्या फ्लायसाठी 6 नंबरही चालेल, पण गवतात घुसलेला लार्जमाउथ बाहेर काढायला 8 च पाहिजे, तो लांब पळत नाही, तो खाली मुंडी घालून मुळांत शिरतो आणि तिथेच त्याला अडवायचा असतो.

म्हणूनच रीलवर मी हात आखडता घेतला. महागडा सीलबंद ड्रॅग (रीलचा ब्रेक) इथे शोभेपुरता, मासा हातानेच लाइन ओढून आणायचा असतो, रील फक्त लाइन ठेवायची जागा. लार्ज आर्बर (मोठ्या मधल्या गाभ्याची) तेवढी घ्या, लाइन भराभर गुंडाळता येते आणि वेटोळी मोठी पडतात. बॅकिंग (लाइनच्या मागचा जादा दोर) 20 पौंडी डॅक्रॉनचं 50 यार्ड घातलंय, ते अजून पाण्याला लागलेलं नाही आणि लागेल असं वाटतही नाही, तिथे ते आर्बर भरायलाच आहे.

हूक मारायची सवय मात्र सामानाइतकीच महत्त्वाची, ट्राउटवाले रॉड वर उचलतात, इथे रॉड पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने लाइन जोरात ओढायची. पॉपरवर तर आवाज ऐकून लगेच ओढायचं नाही, वजन लागेपर्यंत थांबायचं. हे जमलं नाही तर जगातला कुठलाही हूक दोष देण्यालायक वाटतो.

किरकोळ सामान: पक्कड हवीच, बार्ब (हूकवरचा उलटा काटा) दाबायला आणि खोल गेलेला हूक काढायला. पोलराइज्ड चष्मा हवा. रबरी जाळीचं नेट असेल तर छान, नसेल तर बासला खालच्या जबड्याला अंगठ्याने धरता येतं, मोठा मासा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या, नुसत्या जबड्यावर आडवा लटकवू नका. बोटाला टेप, नाहीतर लाइन ओढून ओढून चीर पडते.

फ्लायच्या डब्याबद्दल शेवटचं. ट्राउटचा फोमच्या चिरांचा पातळ डबा बासच्या फ्लायला चालत नाही, झाकण लावताना केस आणि शेपट्या मुडपतात आणि मग पॉपर एका अंगावर पोहतो. खोल कप्प्यांचा डबा घ्या, ओल्या फ्लाय आधी बाहेर वाळवा, नाहीतर एका गंजक्या हूकचा डाग सगळ्या पांढऱ्या शेपट्यांना लागतो. आणि डबा बंद गाडीत उन्हात ठेवू नका, माझ्या पॉपरचे रबरी पाय एकमेकांना असे चिकटले की सोडवताना निम्मे तुटले. मुडपलेले केस मात्र किटलीच्या वाफेवर धरले की सरळ होतात, चिमट्याने धरा, हात भाजतो. पुढच्या हंगामाआधी मी फक्त नवी लाइन घेणार आहे, पुढच्या टोकाच्या वेल्डेड लूपपाशी (लाइनवरच तयार केलेल्या फाशापाशी) बारीक तडे दिसायला लागलेत, तोवर तो तुकडा कापून नेल नॉट नावाच्या गाठीने काम चालू आहे.