बॅकस्टेज, चौदा महिन्यांनंतर: सर्व्हिसेसचा सातबारा

बॅकस्टेज म्हणजे कंपनीच्या सगळ्या सर्व्हिसेस (मोठ्या सॉफ्टवेअरचे स्वतंत्र चालणारे छोटे भाग) एका जागी दाखवणारं, डेव्हलपरांसाठीचं पोर्टल. चौदा महिन्यांपूर्वी आमच्या पुण्याच्या ऑफिसात त्याचा डेमो दिला, तेव्हा टाळ्या पडल्या त्या टेम्पलेटला, म्हणजे नवी सर्व्हिस उभी करणाऱ्या तयार साच्याला. फॉर्म भरला, बटण दाबलं आणि दोन मिनिटांत नवा रेपो (कोडचं घर), पाइपलाइन (कोड आपोआप तपासून-बांधून देणारी साखळी), सर्व्हिसेस चालवणाऱ्या कुबरनेटिसमधली नेमस्पेस (वेगळी जागा), कोड तिथे पोहोचवणाऱ्या आर्गो सीडीची जोडणी, सगळं तयार. आधी याच कामाला चार तिकिटं आणि एक आठवडा लागायचा. खरं सांगायचं तर आज ते टेम्पलेट महिन्यातून दोनदा वापरलं जातं. नव्या सर्व्हिसेस काही रोज जन्मत नाहीत. रोज उघडला जातो तो कॅटलॉग, म्हणजे सर्व्हिसेसची नोंदवही.

स्पॉटिफायने हे स्वतःच्या डेव्हलपरांसाठी बांधलं, मार्च 2020 मध्ये ओपन सोर्स केलं आणि त्याच वर्षी ते सीएनसीएफ या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं. पण हे आणून लावायचं आणि वापरायला लागायचं असं सॉफ्टवेअर नाही. इन्स्टॉल केल्यावर हातात येतो तो टाइपस्क्रिप्ट या भाषेतला एक प्रकल्प, पडद्यावरच्या भागात रिअ‍ॅक्ट, मागच्या भागात नोड, आणि तिथून पुढे तो तुमचा. आरसीसीचा सांगाडा मिळतो. भिंती, वायरिंग, नळ तुम्ही बघा. आमची टीम तिघांची, तिघेही जावा आणि टेराफॉर्मवाले (टेराफॉर्म म्हणजे सर्व्हर वगैरे कोड लिहून उभे करायचं साधन). पहिले दोन महिने रिअ‍ॅक्ट शिकण्यातच गेले, आणि हा खर्च कुणीच धरला नव्हता.

दुसरं म्हणजे, बॅकस्टेज ही फक्त खिडकी. काम करतात ते मागचे आर्गो सीडी, टेराफॉर्म आणि क्लस्टर, म्हणजे सर्व्हरांचा ताफा. मागे ऑटोमेशन नसेल तर बटण नुसतं शोभेचं. आमच्या 'डेटाबेस हवा' या बटणामागे पहिले पाच महिने एक माणूस बसलेला होता. मीच.

आता कॅटलॉग. प्रत्येक रेपोत एक छोटी यामल (साध्या मजकुराची) फाइल: सर्व्हिसचं नाव, प्रकार, प्रॉडक्शनमध्ये आहे की अजून प्रयोगच चाललाय, दुसऱ्या सर्व्हिसेसना बोलायला कोणती एपीआय देते, आणि मालक कोणती टीम. थोडक्यात सातबारा. आणि सातबाऱ्याचं जे दुखणं तेच याचं. एका रात्री दोन वाजता पेमेंटची क्यू (रांग) तुंबली. ऑन-कॉलवरच्या सहकारीणीने कॅटलॉग उघडला, तर मालक म्हणून जी टीम दिसली ती दोन महिन्यांपूर्वीच मोडली होती. माणसं तीन टीममध्ये वाटली गेली, सर्व्हिस चौथीकडे गेली, फेरफार कुणी केलाच नाही. योग्य माणूस सापडेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. त्याआधी आमच्याकडे एक्सेल शीट होती आणि तीही अशीच खोटं बोलायची, पण तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. कॅटलॉगवर होता, म्हणून तो जास्त महागात पडला.

त्यानंतर टीमची यादी हाताने लिहिणं बंद केलं. ती आता कंपनीच्या डिरेक्टरीतून येते. टीम मोडली की तिचं नाव कॅटलॉगमधून जातं आणि सर्व्हिस बेवारस दिसते. बॅकस्टेज अशा वेळी पानावर इशारा दाखवतं, अडवत मात्र नाही. अडवायचं काम आम्ही पाइपलाइनमध्ये घातलं: मालक अस्तित्वात नसेल तर पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड बदलायचा प्रस्ताव, मर्ज होत नाही. आठवडाभर शिव्या खाल्ल्या. पण चौदा महिन्यांत आम्ही केलेलं सगळ्यात उपयोगी काम हेच, आणि त्यात रिअ‍ॅक्टची एकही ओळ नाही.

टेम्पलेटबद्दल तक्रार आहे, आणि ती मोठी आहे. टेम्पलेट रेपो एकदा तयार करून देतं आणि मोकळं होतं. पुढे टेम्पलेट सुधारलं तरी आधी निघालेल्या सर्व्हिसेसना त्याची खबर नसते. बेस इमेज (सगळ्या सर्व्हिसेस ज्यावर बांधतो तो पाया) बदलली तेव्हा आम्ही 38 रेपोंत 38 पुल रिक्वेस्ट टाकल्या. आता टेम्पलेटमध्ये जवळजवळ काहीच ठेवत नाही. पाइपलाइन आणि हेल्म चार्ट (कुबरनेटिसवर चालवायची मांडणी) सामायिक, रेपोत फक्त त्यांचा उल्लेख. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

टेकडॉक्स, म्हणजे बॅकस्टेजमधली माहितीच्या पानांची सोय, बरं आहे. मार्कडाउनमध्ये लिहिलेला मजकूर कोडशेजारीच राहतो आणि सर्चमध्ये सापडतो. मात्र पानं सर्व्हरवर बनवत बसू नका. पाइपलाइनमध्ये बनवून एस-थ्री या क्लाउडवरच्या साठवणीत ठेवा. रेपो ठेवतो त्या गिटहबसाठी कुणाचं वैयक्तिक टोकनही (प्रवेशाची किल्ली) वापरू नका. कॅटलॉग त्या यामल फाइली सतत पुन्हा तपासत असतो. आम्ही गिटहबची तासाला 5000 विनंत्यांची मर्यादा पहिल्याच महिन्यात गाठली. गिटहब अ‍ॅप लावलं, तपासणीचं अंतर वाढवलं, प्रश्न मिटला.

बॅकस्टेजची नवी आवृत्ती दर महिन्याला येते. आम्ही चार महिने टाळली आणि मग व्याजासकट फेडली: दोन प्लगइन (बॅकस्टेजला जोडलेले जादा भाग) मागे राहिले होते, त्यातला एक आम्हालाच पुन्हा लिहावा लागला. आता महिन्याचा एक दिवस त्यासाठीच राखून ठेवलाय.

पंचवीस-तीस डेव्हलपरांच्या कंपनीला मी हे घ्या म्हणणार नाही. तिथे मालक कोण हे ओरडून विचारता येतं. आमच्याकडे सव्वाशे सर्व्हिसेस आहेत, तेव्हा सध्या तरी चालू ठेवतोय.

बेवारस सर्व्हिसेसची यादी रोज रात्री निघते. सुरुवातीला एकतीस होत्या, आज अकरा आहेत. त्यातली एक दर महिन्याच्या पाच तारखेला कुणाला तरी अहवाल पाठवते. कुणाला, ते अजून कळलेलं नाही, आणि बंद करून बघायची कुणाची हिंमत होत नाही.