दाभोळ–धोपावे फेरीबोट : आम्हा खाडीकाठच्यांच्या नजरेतून

या फेरीबोटीबद्दल पर्यटक भरभरून लिहितात. गाडीसकट बोटीत चढलो, वरच्या मजल्यावरून फोटो काढले, मुलं खूश झाली. ते खरंच आहे. पण माझं माहेर दापोली तालुक्यातल्या दाभोळचं आणि सासर खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात, त्यामुळे मला या सेवेचं मोल वेगळ्या कारणाने वाटतं.

आमच्या भागातली गावं रिकामी होत चालली आहेत. २००१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ १७ लाख होती, २०११ला ती सव्वासोळा लाखांच्याही खाली आली. त्याच जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. कर्ते पुरुष मुंबईला, घरी सासू-सासरे, सून आणि शाळेतली पोरं, हे आमच्याकडे घरोघरी. त्यात कोकण रेल्वे आत डोंगरातून गेलेली. गुहागरवाल्यांनी गाडी पकडायला चिपळूण गाठायचं, दापोलीवाल्यांनी खेड.

आणि मध्ये वाशिष्ठीची खाडी. दाभोळच्या धक्क्यावरून धोपावे समोर दिसतं, पण गाडीने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण करत शंभर किलोमीटरच्या वर वळसा. लाँच होती, तिच्यातून माणसं जायची. पण गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला लाँचमध्ये उतरवायचं आणि पलीकडे पुन्हा एसटीची वाट बघत बसायचं, म्हणजे परीक्षाच. २००३ साली गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि माहेर खऱ्या अर्थाने जवळ आलं. आता घरून निघालेली रिक्षा थेट माहेरच्या अंगणात उभी राहते. खाडीपलीकडे मुलगी द्यायला पूर्वी लोक कां-कू करायचे, आता तसं कोणी करत नाही.

बोटीवरची माणसं कामाला पक्की आहेत. पुढची लोखंडी फळी धक्क्यावर टेकली की आधी आतल्या गाड्या बाहेर, मग बाहेरच्या आत. खलाशी हाताच्या खुणेने एकेक गाडी अशी लावून घेतो की दोन गाड्यांमध्ये जेमतेम वीतभर जागा उरते. दुचाक्या कडेच्या फटीत. नवखा चालक घाबरला तर त्याच्यावर ओरडत नाहीत, काचेशी येऊन "हळू, हळू, येऊ द्या" म्हणत आत घेतात. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो असतात, गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या. पलीकडे पोचायला दहा-पंधरा मिनिटं. गाडीत आजारी माणूस असेल तर रांगेतले लोक आपणहून वाट देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

येणाऱ्यांना थोडं सांगते. ओहोटीला पाणी खाली गेलं की चढ-उतार तीव्र होतो, बुड खाली असलेली गाडी असेल तर सावकाश घ्या. बोटीत हँडब्रेक ओढलेला हवाच. दोन्हीकडचे रस्ते अरुंद, वळणांचे, समोरून एसटी आली की मागे घ्यावं लागतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी रांग लागते, तेव्हा सकाळी लवकर या. पावसाळ्यात आणि रात्री शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवा.

खाडीवर पूल व्हावा अशी मागणी आहे, आणि तो झालाच पाहिजे. रात्री-अपरात्री बाळंतिणीला न्यायचं तर बोटीच्या वेळेवर भागत नाही. पण पूल होईपर्यंत या दोन तालुक्यांना जोडून ठेवलंय ते या फेरीबोटीनेच. माझ्याकडून पाचपैकी पाच. दाभोळला उतरलात तर चंडिकादेवीच्या गुहेतल्या देवळात जा आणि धक्क्याजवळची जुनी मशीद बघून या. जेवायचं असेल तर गावातच जेवा, चार पैसे इथल्या बायकांच्या हाती पडू द्या.