मक्यावरची लष्करी अळी: बाटली घ्यावी की ट्रायकोकार्ड?

नाशिक जिल्ह्यातल्या येवला, नांदगाव, मालेगाव पट्ट्यात मका चार पानांवर आला की कृषी सेवा केंद्रावर एकच चर्चा असते: कोणतं औषध मारायचं, आणि ते कार्डवालं, म्हणजे अळीची अंडी मारणाऱ्या बारीक कीटकांचं ट्रायकोकार्ड, खरंच चालतं का? त्याआधी एक ठरवा. मका दाण्यासाठी आहे की मुरघासासाठी?

मुरघासाचा किंवा हिरव्या चाऱ्याचा असेल तर तुलनेची गरजच नाही. चाऱ्याच्या पिकावर रासायनिक फवारणी करू नये, हाच अधिकृत सल्ला आहे. औषधाचे अंश गाईच्या पोटात आणि तिथून दुधात जाऊ शकतात. अशा शेतात जैविक उपाय आणि हाताने अंडीपुंज वेचणं, एवढंच उरतं.

खरी निवड दाण्याच्या मक्यात करावी लागते. ही अळी मूळची अमेरिका खंडातली. 2016 मध्ये ती आफ्रिकेत दिसली आणि मे 2018 मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याजवळ. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे बांधाला कुंपण घालून काही साधत नाही. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके दिसले, तर ओळखण्यात चूक होणार नाही.

रासायनिक औषधाचं बळ वेगात आहे. इमामेक्टीन बेंझोएट 5 एसजी लिटरला 0.4 ग्रॅम, किंवा क्लोरअँट्रानिलीप्रोल 18.5 एससी 0.4 मिली, ही नावं दुकानात सगळ्यांना माहीत आहेत. पण हे औषध लहान अळीवर चालतं. अळी मोठी झाली की पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरते, वर स्वतःच्या विष्ठेचं बूच बसवते आणि वरून मारलेलं पाणी पानावरून ओघळून जातं. म्हणून नोझल पोंग्यावर धरा, फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करा. तेच औषध लागोपाठ मारू नका, नाहीतर पुढच्या हंगामात तीच बाटली पाण्यासारखी वाटेल. तुरा आल्यावर सहसा फवारू नये. तोपर्यंत खायचं ते अळीने खाल्लेलं असतं, आणि त्या उंचीच्या मक्यात पंप घेऊन फिरणाऱ्याच्याच अंगावर औषध येतं.

कार्डाचा स्वभाव वेगळा. ट्रायकोग्रामा हा गांधीलमाशीच्या कुळातला अगदी बारीक कीटक; तो अळ्या नाही, अंडी मारतो. एकरी 50 हजार, आठवड्याच्या अंतराने. अळ्या दिसायला लागल्यावर कार्ड बांधणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं. एक अडचण फारशी कोणी सांगत नाही: लष्करी अळीची अंडी थरावर थर असतात आणि वर केसांचं आवरण असतं, त्यामुळे ट्रायकोग्रामा बहुतेक वरच्याच थरापर्यंत पोचतो. टेलेनोमस रेमस हा अंडी मारणारा दुसरा बारीक कीटक खालच्या थरातही शिरतो, पण तो मिळायला हवा. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या किंवा मालेगावच्या कृषी विज्ञान केंद्रात पेरणीआधीच चौकशी करावी. कार्ड बांधण्याच्या आसपासच्या दिवसांत रासायनिक फवारणी केलीत तर दोन्हीचे पैसे गेले.

अळीला रोग लावून मारणारी मेटारायझियम रिलेई ही बुरशी इगतपुरी, पेठच्या दमट हवेत खुलते. येवल्याच्या कोरड्या ऑगस्टमध्ये, आणि रब्बीत तर नक्कीच, तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

माझा कल असा: दाण्याचा मका असेल तर बीजप्रक्रिया केलेलं बियाणं घ्या, पहिले दोन-तीन आठवडे त्यावर बऱ्यापैकी निभतात. उगवणीपासूनच नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे एकरी पाच लावा, कार्डांची वेळ त्यावरून कळते. आठवड्यातून दोनदा शेतात वेगवेगळ्या पाच ठिकाणी वीस-वीस झाडं बघा. रोपावस्थेत शंभरात पाच झाडं लागलेली दिसली तर 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो. पोंगे मोठे झाल्यावर दहाच्या वर गेली, तरच बाटली उघडा.

वीस-पंचवीस गुंठेच असतील आणि घरात माणसं असतील, तर नऊ भाग वाळू आणि एक भाग चुना मिसळून पहिल्या महिन्यात चिमूटभर पोंग्यात टाका. मजूर लावून मात्र हे परवडत नाही.