पायथन-नोडची सर्व्हिस बूटला उठवायची: सिस्टमडी, सुपरवायझर की पीएम२?

टर्मिनलमधून चालवलेली सर्व्हिस छान चालते आणि रीबूट झाल्यावर मात्र उठत नाही. बहुतेक वेळा कोडमध्ये काही बिघडलेलं नसतं. लॉगिन केल्यावर बॅशआरसीतून (शेलच्या सेटिंगच्या फाइलमधून) मिळणारे पाथ आणि व्हेरिएबल बूटच्या वेळी नसतात, एवढंच. सिस्टमडी, सुपरवायझर आणि पीएम२ ही सर्व्हिस सुरू करून चालू ठेवणारी साधनं; त्यातलं कुठलं निवडायचं ते बघू.

जुन्या पद्धतीची इनिट स्क्रिप्ट (बूटला सर्व्हिस सुरू करणारी शेल स्क्रिप्ट) आता नव्याने लिहू नका. डेबियननेही २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून सिस्टमडी धरलं. जुना सर्व्हर गळ्यात पडलाच असेल, तर स्टार्ट-स्टॉप-डीमन या प्रोसेस सुरू-बंद करणाऱ्या कमांडचा एक्झेक पर्याय (प्रोग्रामच्या पाथवरून प्रोसेस ओळखणारा) जपून वापरा. कर्नलच्या लेखी चालू असतो तो पायथनचा इंटरप्रिटर, तुमची स्क्रिप्ट नव्हे. स्क्रिप्टचा पाथ दिला तर प्रोसेस सापडतच नाही. इंटरप्रिटरचा दिला तर भलतीच पायथन प्रोसेस मारली जाऊ शकते. तिथे पिडफाइलला (प्रोसेसचा क्रमांक लिहून ठेवलेल्या फाइलला) पर्याय नाही.

सिस्टमडीत ही भानगडच उरत नाही, कारण ते सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेस सीग्रुपमध्ये (कर्नलने सांभाळलेल्या एका गटात) धरून ठेवतं. युनिट फाइलमधल्या (सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमधल्या) एक्झेकस्टार्ट या ओळीत व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या (प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या) पायथनचा पूर्ण पाथ द्या. अ‍ॅक्टिव्हेट करायची गरज नाही. पायथनअनबफर्ड हे व्हेरिएबल १ ठेवा, नाहीतर प्रिंटचं आउटपुट बफरमध्ये अडकतं आणि तुम्ही रिकामं जर्नल (सिस्टमडीचा लॉग) बघत बसता. रीस्टार्ट मुळात बंद असतं, ते ऑन-फेल्युअर करा. दोन प्रयत्नांमधलं अंतर मुळात १०० मिलिसेकंदच असतं आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी हात टेकतं. डेटाबेस उशिरा उठणार असेल तर हे अंतर ५ सेकंद करा.

सुपरवायझर मी दोनच ठिकाणी निवडेन: रूट हक्क नसतील तिथे, किंवा एकाच कंटेनरमध्ये तीन-चार प्रोसेस कोंबाव्या लागल्या तर. सुपरवायझर आणि पायथनच्या मधे शेल स्क्रिप्ट असेल तर थांबवण्याचा सिग्नल शेलला जातो आणि पायथन पोर्ट अडवून मागे राहतो. स्क्रिप्टमधल्या शेवटच्या कमांडआधी एक्झेक (ही शेलची कमांड, वरचा पर्याय नव्हे) लिहिलं की प्रश्न मिटतो.

पीएम२ नोडवाल्यांचं लाडकं, आणि क्लस्टर मोडमुळे एका पोर्टवर अनेक प्रोसेस सहज चालतात हे खरंच. पण लिनक्सवर त्याची स्टार्टअप कमांड बहुधा सिस्टमडीचंच युनिट बनवून देते. चालू प्रोसेसची यादी सेव्ह करायला विसरलात तर रीबूटनंतर यादी रिकामी, किंवा जुनीच. एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) नोडची आवृत्ती बदलली की युनिटमधला पाथ जुना राहतो, म्हणून स्टार्टअप पुन्हा करायचं. एकाच प्रोसेससाठी एवढा व्याप मी तरी करणार नाही.