केव्हीएम, स्पिनलॉक आणि लेटन्सी: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे केव्हीएमचे (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायची लिनक्सची सोय) दोन सर्व्हर आहेत. एकावर मशीन कंट्रोलचे गेस्ट (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम) चालतात, त्यांना दर मिलिसेकंदाला वेळेवर जाग यावी लागते; त्यात होणारा उशीर म्हणजे लेटन्सी. दुसऱ्यावर बिल्ड-टेस्टचे गेस्ट, तिथे कोअर जेवढे त्याच्या दुप्पट-तिप्पट व्हीसीपीयू (गेस्टला दिसणारे आभासी प्रोसेसर) कोंबलेले. दोन्हीकडे लिनक्स 6.12, म्हणजे प्रीएम्प्ट-आरटी (कर्नलची रिअलटाइम सोय, पुढे नुसतं आरटी) मुख्य कर्नलमध्ये आलं तीच 2024 ची आवृत्ती. आरटी फक्त पहिल्या सर्व्हरवर चालू आहे, होस्टमध्येही (म्हणजे खऱ्या मशीनवर) आणि गेस्टमध्येही. एवढ्या वापरानंतर माझं मत असं: 'कोणता लॉक (सामायिक डेटाला एका वेळी एकालाच हात लावू देणारं कुलूप) वेगवान' हे व्हीएममध्ये नंतर बघायचं. आधी बघायचं ते हे, की लॉक धरून बसलेल्या व्हीसीपीयूला होस्ट मध्येच कोअरवरून हटवणार आहे का.

लिनक्समध्ये 2.6.25 पासून (2008) टिकट स्पिनलॉक आले (स्पिनलॉक म्हणजे ज्यावर वाट पाहणारा न झोपता जागच्या जागी फिरत राहतो तो लॉक), 4.2 पासून (2015) क्यूस्पिनलॉक. दोन्ही नंबराने चालणारे, आणि साध्या हार्डवेअरवर ते चांगलंच आहे. पण व्हीएममध्ये रेशनच्या रांगेत ज्याचा नंबर लागलाय तोच चहाला गेलेला असू शकतो. दुकान रिकामं, मागचे सगळे ताटकळत. होस्टच्या शेड्युलरला यातलं काही दिसत नाही. त्याच्या लेखी लॉकवर फिरत बसलेला व्हीसीपीयू आणि खरं काम करणारा व्हीसीपीयू सारखेच.

म्हणून पॅराव्हर्च्युअल स्पिनलॉक, म्हणजे आपण व्हीएममध्ये आहोत हे ओळखून होस्टची मदत घेणारे. वाट पाहणारा थोडा वेळ फिरतो, मग हॉल्ट होऊन कोअर सोडतो. लॉक सोडणारा हायपरकॉल (गेस्टने होस्टला मारलेली हाक) करून त्याला जागं करतो. बिल्ड सर्व्हरवर मी याला हात लावलेला नाही आणि कुणी लावूही नये. गर्दीच्या वेळी तिथले गेस्ट अजूनही बऱ्यापैकी चालतात, त्यात याचा मोठा वाटा आहे.

कंट्रोलच्या सर्व्हरवर मात्र हीच सोय अंगाशी येते. तिथे प्रत्येक व्हीसीपीयूला स्वतःचा कोअर बांधून दिलाय, त्याला तिथून कुणी हटवणारच नाही. अशा वेळी हॉल्ट होऊन होस्टमध्ये जाणं, मग हायपरकॉलने परत येणं हा निव्वळ भुर्दंड. शिवाय साध्या क्यूस्पिनलॉकमध्ये लॉक सोडताना एक बाइट लिहिला की काम झालं, पॅराव्हर्च्युअलमध्ये तिथेही अॅटॉमिक (मधे कुणी घुसू शकत नाही अशी) तुलना-अदलाबदल लागते. आता आरटी गेस्टमध्ये बहुतेक स्पिनलॉक झोपणारे होतात हे खरं, पण शेड्युलरच्या रनक्यूचा (चालायला तयार असलेल्यांच्या यादीचा) लॉक रॉच, म्हणजे न झोपता फिरणाराच राहतो, आणि जाग येण्याचा रस्ता नेमका त्याच्यावरूनच जातो.

उपाय सोपा आहे. क्यूईएमयूमध्ये (गेस्ट चालवणारा प्रोग्राम) 'केव्हीएम-हिंट-डेडिकेटेड' चालू करा, गेस्ट आपणहून साध्या क्यूस्पिनलॉकवर येतो. खात्री बूट लॉगमध्ये करायची: 'पीव्ही स्पिनलॉक्स डिसेबल्ड विथ केव्हीएम हिंट्स रिअलटाइम हिंट्स' अशी ओळ दिसली पाहिजे. त्या जागी 'नो होस्ट सपोर्ट' दिसलं तर सावध. तेव्हाही पॅराव्हर्च्युअल लॉक बंदच असतात, पण गेस्ट क्यूस्पिनलॉक न घेता साध्या टेस्ट-अँड-सेटवर उतरतो. तिथे नंबरच नाही, ज्याने झडप घातली त्याचा लॉक. सरासरी बरी दिसते, पण एखाद्या व्हीसीपीयूला किती थांबावं लागेल याला मर्यादा राहत नाही. लॉगमधली ही एक ओळ न वाचता सायक्लिकटेस्टचे (लेटन्सी मोजायचं साधन) आलेख काढत बसणारे लोक मी पाहिलेत.

एवढं करूनही लॉकच्या निवडीतून जास्तीत जास्त फायदा मिळाला तो गेस्टमध्ये नाही, केव्हीएमच्याच कोडमध्ये. आणि तो आपल्याला आयता मिळालाय. झोपलेल्या व्हीसीपीयूला टायमरने उठवायचं तर पूर्वी नेहमीचा वेटक्यू (वाट पाहणाऱ्यांची रांग) वापरला जायचा. त्याच्या आत स्पिनलॉक. आरटीमध्ये हा स्पिनलॉक झोपू शकतो, त्यामुळे हार्ड इंटरप्टमधून (हार्डवेअरची हाक आल्यावर लगेच चालणारा कोड) तो घेताच येत नाही. मग इंटरप्टने केसॉफ्टआयआरक्यूडीला (इंटरप्टची उरलेली कामं करणारा कर्नलचा थ्रेड) उठवायचं, त्याने व्हीसीपीयूच्या थ्रेडला. मधे एक कॉन्टेक्स्ट स्विच (एक थ्रेड बाजूला करून दुसरा चालवणं) फुकटचा. 4.6 मध्ये (2016) तिथे रॉ स्पिनलॉकवर चालणारा साधा वेटक्यू आला आणि इंटरप्टमधूनच थेट उठवता येऊ लागलं. त्या बदलासोबत दिलेला आकडा सरासरी 14 वरून 11 मायक्रोसेकंदांचा होता.

पण मला खरी दाद द्यावीशी वाटते ती 5.8 मधल्या बदलाला. या रांगेत उभा कोण राहतो? फक्त त्या व्हीसीपीयूचा स्वतःचा थ्रेड. दुसरं कुणी कधीच नाही. मग रांग कशाला आणि तिचा लॉक कशाला? त्या जागी आरसीयूवेट आलं: कुणाला उठवायचं त्याचा एक पॉइंटर, बस्स. आमच्या एका ड्रायव्हरमध्येही एकच वाचणारा थ्रेड होता, तिथे हाच बदल केला. लेटन्सीच्या आलेखाची शेपटी (क्वचित होणारे मोठे उशीर) स्वच्छ आखडली.

केव्हीएमच्या एमएमयू लॉकबद्दल (गेस्टच्या मेमरीचे नकाशे सांभाळणारा) फार सांगण्यासारखं नाही. एक्स86 वर तो 5.12 पासून रीड-राइट लॉक (वाचणारे अनेक एकदम, लिहिणारा एकटाच) आहे. पुष्कळ व्हीसीपीयूंचे पेज फॉल्ट (मेमरीचं पान जागेवर न सापडणं) एकदम येतात तेव्हा फरक पडतो. कंट्रोलच्या गेस्टची मेमरी आधीच ह्यूजपेजवर (मेमरीच्या मोठ्या पानांवर) पक्की केलेली असते, त्यामुळे आमचा तिथे संबंधच येत नाही.

एक मोह मात्र टाळा: दिसेल तो स्पिनलॉक रॉ करणं. सुरुवातीला आकडे छान येतात. पण रॉ लॉक धरलेला असेपर्यंत प्रीएम्प्शन (चालू काम थांबवून दुसऱ्याला पुढे घेणं) बंद असतं, त्यामुळे त्याच्या आत एखादी लांबलचक यादी फिरवली की वरच्या प्रायॉरिटीचा थ्रेड दारात उभा. रॉ लॉकच्या आत दहा-बारा ओळींपेक्षा जास्त कोड असेल तर मी रिव्ह्यूमध्ये अडवतो.

तक्रारी? क्यूईएमयूला 'सीपीयू-पीएम=ऑन' लावल्यावर हॉल्ट आणि पॉजसाठी गेस्ट होस्टकडे येतच नाही. लेटन्सीला ते उत्तम, पण होस्टच्या टॉपमध्ये (प्रोसेसरचा वापर दाखवणारा प्रोग्राम) ते कोअर कायम 100 टक्के दिसतात आणि मॉनिटरिंगवाले सारखे फोन करतात. दुसरं, व्हीसीपीयूच्या थ्रेडना फिफो प्रायॉरिटी (थ्रेड स्वतः थांबेपर्यंत इतर साध्या थ्रेडना पाळी न देणारी) देणार असाल तर क्यूईएमयूचा एम्युलेटर थ्रेड (गेस्टसाठी डिव्हाइसची वगैरे कामं करणारा) त्याच कोअरवर ठेवू नका. गेस्ट लॉकवर फिरत राहतो, एम्युलेटरला पाळीच मिळत नाही, आणि गेस्ट ज्याची वाट पाहतोय ते काम त्या एम्युलेटरकडेच अडकलेलं असलं की सगळं गोठतं. लिबव्हर्टमध्ये (व्हीएम सांभाळायचं साधन) 'एम्युलेटरपिन'ने त्याला वेगळा कोअर देता येतो. एक कोअर वाया गेल्यासारखा वाटतो, पण द्याच.