दहावीच्या ॲपचा अनुभव : शैलीचा शिक्का नको, चुकांची उजळणी हवी

मुलीच्या दहावीसाठी जूनमध्ये घेतलेल्या ॲपच्या नूतनीकरणाची सूचना गेल्या आठवड्यात आली. ग्राहकसेवेशी चाललेला माझा वाद त्याच सुमारास निष्फळ संपला, म्हणून सविस्तर लिहीत आहे. चित्रफिती, सराव चाचण्या, पालकांसाठीचा अहवाल हे सर्वांच्या परिचयाचे असल्याने त्यात शिरत नाही. माझा आक्षेप सुरुवातीलाच भरून घेतल्या जाणाऱ्या अध्ययनशैलीच्या, म्हणजे मूल कोणत्या पद्धतीने चांगले शिकते हे ठरवणाऱ्या, प्रश्नावलीवर आहे.

'अनोळखी ठिकाणी जाताना नकाशा पाहाल की कोणाला विचाराल' अशा धर्तीच्या मोजक्या प्रश्नांवरून ॲपने मुलीची शैली 'दृश्य' ठरवली आणि तेव्हापासून प्रत्येक धड्यात तिच्यापुढे केवळ ॲनिमेशन येऊ लागले. लेखी स्पष्टीकरण तिला दिसतच नाही. राजारामपुरीत आमच्या शेजारीच राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीची शैली 'वाचन-लेखन' ठरली आहे, आणि तिला मात्र तीच चित्रफीत व खाली नीटनेटकी टिपणे, दोन्ही मिळतात. मजकूर तयार असूनही पूर्ण वर्गणी भरणाऱ्या मुलीने तो मैत्रिणीच्या फोनवरून वहीत उतरवून घ्यावा, हे मला अजिबात पटत नाही. शैली बदलून मागितली असता नवे प्रोफाइल घेऊन वेगळी वर्गणी भरावी लागेल, असे उत्तर मिळाले.

दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती ही विभागणी न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांच्या 'वार्क' प्रश्नावलीमुळे रूढ झाली. मात्र मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाची छाननी केली, तेव्हा शैलीला जुळवून शिकवल्याने विद्यार्थी अधिक शिकतो, या दाव्याला पुरेसा आधार मिळाला नाही. मुलाला काय आवडते यापेक्षा धडा काय मागतो हे पाहावे, असे मला वाटते. किरणाकृती पाहूनच कळते, तर इतिहासातली कारणमीमांसा वाचूनच पक्की होते.

दिवाळीपर्यंत मी वर्गणी बंद करण्याच्याच विचारात होते. भिंगांच्या प्रकरणाने ते मत बरेच बदलले. बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर १० सेंमी आणि वस्तू ३० सेंमीवर असताना प्रतिमा १५ सेंमीवर मिळते. मुलीचे उत्तर दर वेळी ७.५ येत होते, कारण वस्तूचे अंतर ऋण घ्यायचे ती विसरत होती. ॲपने नुसती चुकीची फुली न मारता चूक चिन्हाची आहे हे ओळखले, त्याच चिन्हसंकेतावरची सोपी उदाहरणे लगेच दिली आणि काही दिवसांनी, ती विसरण्याच्या बेतात असताना, आकडे बदलून तेच पुन्हा विचारले. शिकवणीच्या भरलेल्या वर्गात प्रत्येकाच्या वहीत इतके डोकावणे शिक्षकांना शक्य होत नाही. आता ती सूत्र लिहिण्याआधी अंतरांची चिन्हे स्वतःहून मांडते, हे पाहून मला मनापासून समाधान वाटले. प्रत्येक मुलानुसार शिक्षण म्हणतात ते हेच, आणि त्यासाठी पैसे मोजायला माझी तयारी आहे.

तरीही वार्षिक नूतनीकरण मी केलेले नाही. परीक्षेपर्यंत मासिक वर्गणी पुरेशी आहे. नव्याने घेणाऱ्यांनी प्रश्नावलीत वाचनाकडे झुकणारी उत्तरे निवडावीत, म्हणजे चित्रफिती आणि टिपणे दोन्ही खुली राहतात.